खिचडी शिजवणारीला बोलण्याचा हक्क आहे काय?

या पानांवर आम्ही बहुतेक वेळा आपल्याच खात्याचे प्रश्न मांडतो. बोनस, रात्रपाळीचा भत्ता, रिकाम्या जागा. या वेळी विषय शाळेचा आहे, पण तो परका मानू नये. आपल्यातल्या कितीतरी ट्रॅकमनच्या आणि ग्रामीण डाक सेवकांच्या घरातल्या सुना-बहिणी गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायला जातात. सरकारी कागदावर त्यांचे नाव 'स्वयंपाकी तथा मदतनीस' असे आहे. शाळेत मात्र त्यांना 'खिचडीवाली' एवढेच म्हणतात.

या बाईच्या मानधनासाठी मोर्चे निघतात आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु शाळेच्या आवारात गुरुजी, मुख्याध्यापक आणि ही बाई यांचे कामापुरते नाते काय असावे, यावर कोणीच बोलत नाही. ते सौजन्यावर सोडून दिलेले आहे. मुख्याध्यापक भला असला तर तिचे चालते, नसला तर नाही. आमच्या मते कळीचा मुद्दा हाच आहे, आणि त्यात मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले जेवण खाऊन २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले निघाले. त्या वेळी वृत्तपत्रांतून एक गोष्ट ठळक छापून आली होती. स्वयंपाक करणाऱ्या बाईने तेलाचा रंग आणि वास बरोबर नाही हे मुख्याध्यापिकेच्या कानावर घातले होते, पण तेच तेल वापरायला तिला सांगण्यात आले. बाईने वापरले. ते अन्न तिने स्वतःही खाल्ले आणि तीही आजारी पडली. २०१६ साली छपऱ्याच्या न्यायालयाने मुख्याध्यापिकेला दोषी ठरवले. शिक्षा झाली, बातमी संपली. पण तेल खराब आहे हे जिला सर्वांत आधी कळले, तिला हात थांबवण्याचा अधिकार का नव्हता, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

आम्हा रेल्वेवाल्यांना हा प्रश्न पटकन समजतो. इंजिनावर ड्रायव्हर (आता लोको पायलट म्हणायचे) आणि त्याचा असिस्टंट दोघेही सिग्नल पाहतात आणि एकमेकांना मोठ्याने बोलून दाखवतात. हे सामान्य नियमांत लिहिलेले आहे. सिग्नल लाल दिसत असताना असिस्टंट ड्रायव्हरच्या भिडेने गप्प बसला, तर चौकशीत तोही सापडतो. कीमनचे पाहा. खांद्यावर हातोडा टाकून रोज रूळ तपासत चालणारा तो माणूस. त्याला रूळ तुटलेला दिसला की तो लाल झेंडा दाखवतो, १२०० मीटरवर तीन फटाके लावतो, आणि येणारी गाडी राजधानी असो की पॅसेंजर, ती थांबते. साहेबाची परवानगी काढायला तो स्टेशनवर धावत जात नाही. रेल्वेत सगळे आलबेल आहे असा आमचा दावा नाही. असिस्टंटला चहासाठी पिटाळणारे ड्रायव्हर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पण बोलण्याचा आणि थांबवण्याचा हक्क कागदावर आहे, म्हणून त्यासाठी भांडता येते. शाळेतल्या बाईकडे तो कागदच नाही.

मागे काही दिवसांपूर्वी आमच्या शाखेच्या कचेरीत अशा तीन बायका अर्ज लिहून घ्यायला आल्या. जेवणाची भांडी झाली की वर्ग झाडा, पाणी भरा, आणि शिपाई नाही म्हणून शौचालयही धुवा, असे त्यांना सांगितले जात होते. तेच हात पुन्हा उद्या भात शिजवणार! एकीने नाही म्हटले, तर 'उद्यापासून येऊ नको' हे उत्तर मिळाले. अर्जात तांदळाला किडे असल्याचेही लिहावे असे आम्ही सुचवले. तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यातली वयाने मोठी म्हणाली, "ते नका लिहू दादा, गुरुजींवर येईल आणि मग आमच्यावर." आम्ही ते लिहिले नाही.

आम्ही त्या मुख्याध्यापकांनाही भेटलो. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी टेबलावर वह्यांचा ढीग मांडला. तांदळाचा साठा, रोजची पटसंख्या, चव नोंद, शिवाय मोबाईलवर रोजची माहिती भरायची. तांदूळ कमी भरला तर वसुली त्यांच्याकडून. "आम्ही शिकवायचे केव्हा?" हा त्यांचा सवाल रास्त आहे. अशैक्षणिक कामे नकोत ही शिक्षक संघटनांची मागणी जुनी आहे आणि तिला आमचा पाठिंबा आहे. पण वरून आलेले ओझे खालच्या माणसाच्या डोक्यावर ठेवल्याने ते कमी होत नाही. दोघांना भरडणारे जाते एकच आहे, आणि ते शाळेच्या बाहेर आहे.

हे जाते कसे फिरते पाहा. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकीण, शंभरपर्यंत दोन, पुढे दर शंभराला आणखी एक, असा केंद्राचा हिशेब आहे. प्राथमिकच्या एका मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेत दोघींनी मिळून रोज दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ आणि पाच किलो भाजी निवडायची, धुवायची, चिरायची, शिजवायची, वाढायची आणि वर भांडी घासायची. याचा मोबदला केंद्राने २००९ साली ठरवला महिना एक हजार रुपये, तोही वर्षातले दहाच महिने! राज्ये आपापल्या पदरचे त्यात घालतात, कुठे बरे, कुठे नावापुरते. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना अशी शिफारस केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हजार रुपयांत असे राबवून घेणे ही वेठबिगारी आहे असे म्हणून किमान वेतन देण्याचा आदेश दिला. तरी कागदावर शब्द 'मानधन' हाच. टपालातील बांधवांना या शब्दांचा खेळ सांगायला नको. तिथे 'खात्याबाहेरचा' माणूस खात्याची टपाल वाटत होता आणि पगाराऐवजी भत्ता घेत होता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पद नागरी पद ठरवले, पण नोकरी काही पक्की झाली नाही.

जातीचा विषय टाळून हे नाते समजणार नाही. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या असा आदेश दिला. तरी २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे खायचे नाकारले आणि नोकरी गेली तिचीच. बोभाटा झाल्यावर तिला परत घेतले. अशा वेळी शाळेतल्या शिक्षकांनी तिच्या शेजारी बसून पहिला घास घेतला, तर किती फरक पडेल! वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे हा नियम आहेच. तो वहीतल्या सहीपुरता उरू नये.

आमची मागणी साधी आहे. धान्य, तेल, पाणी यांत खोट दिसली तर चूल न पेटवण्याचा अधिकार बाईला लेखी मिळावा, आणि तिने चूल पेटवली नाही म्हणून तिला काढता येऊ नये. चव घेण्याचा नियम शिजवल्यानंतरचा आहे. हा अधिकार शिजवण्यापूर्वीचा हवा. तिची कामे कोणती, हे शाळेच्या भिंतीवर लावावे आणि शौचालय त्यात नसावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीसाठी पालक, शिक्षक आणि स्थानिक संस्थेचे प्रतिनिधी यांचा उल्लेख आहे, स्वयंपाकिणीचा नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलो, तोवर महिन्याच्या बैठकीला तिला बोलावून खुर्ची द्यायला कोणाची हरकत आहे?

शिक्षक संघटनांना एक गोष्ट स्पष्ट विचारली पाहिजे. तुमच्या मागणीपत्रात तुमच्याच शाळेत राबणाऱ्या बाईचे नाव कितव्या पानावर आहे? पोषण आहाराचे काम आमच्याकडून काढा, एवढे म्हणून भागणार नाही. काढून ते कोणाच्या गळ्यात घालणार आणि कोणत्या पगारावर, हेही त्याच कागदावर यायला हवे.

आमच्या शाखेने ठरवले आहे की दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कचेरी या बायकांसाठी उघडी ठेवायची. अर्ज लिहून द्यायचे, पोच घ्यायची, आणि पंचायत समितीत सोबत जायचे. ज्या शाखांच्या हद्दीत अशा शाळा आहेत त्यांनीही हे काम अंगावर घ्यावे आणि आलेल्या अर्जांच्या प्रती जिल्हा समन्वय समितीकडे धाडाव्यात. तांदळातल्या किड्यांचा अर्ज अजून लिहायचा राहिला आहे. त्या तिघी पुन्हा येणार आहेत.