परके कोण?

इंद्रलोकातील मोकळ्या भूखंडांवर पावसाळ्यात गाजरगवत माजले, की ‘परदेशी तण आपल्या मातीच्या मुळावर उठले’ असा सूर निघतो. हे तण घातक आहे, हे आम्ही नाकारीत नाही. त्याने त्वचेला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. परंतु त्याचे परदेशीपण हाच त्याचा गुन्हा, हे आम्हांस मान्य नाही.

आपल्या बाटलीमसाल्यातील मिरची अमेरिका खंडातील. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती आली. काजू, पपई आणि अननस यांचे माहेरही तेच. जैवविविधतेवरील आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या मंचाने २०२३ साली दिलेल्या अहवालानुसार, माणसाने परमुलखात नेऊन रुजविलेल्या जीवजाती ३७,००० हून अधिक आहेत. त्यांपैकी अपायकारक ठरल्या सुमारे ३,५००. म्हणजे दहांतील जेमतेम एक.

मग ती एकच का माजते? जलपर्णीचे उदाहरण घ्या. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, फुले सुंदर म्हणून, बंगालात आणली गेली. आज ती कल्याणजवळ उल्हास नदी झाकून टाकते. हीच नदी पुढे वसईची खाडी होऊन आपल्या भाईंदरला भिडते. शहरांच्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे अन्न. ताट आपणच वाढावयाचे आणि पाहुणा लठ्ठ झाला म्हणून ओरडावयाचे, हा कोणता न्याय? सांडपाणी तसेच सोडून नुसती जलपर्णी उपसणे म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणे होय.

आलेल्यांविषयी एवढा गदारोळ. विस्थापितांविषयी मात्र मौन! पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला धरून राहणारी तारली, समुद्र तापू लागल्यावर, उत्तरेकडे पसरली, असे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सांगतात. मासळीला निदान वाट मोकळी आहे. आपल्या तिवरांना तीही नाही. समुद्राची पातळी वाढते तसे त्यांना जमिनीकडे सरकावे लागते. पण तेथे आपण भरणी टाकून भिंती उभ्या केल्या आहेत. पुढे पाणी, मागे सिमेंट! तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. तरीही आपल्या घरदुरुस्तीचा राडारोडा रात्री कोठे जातो, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.

वृक्षारोपणाच्या दिवशी झटपट वाढते म्हणून गिरिपुष्प लावण्याऐवजी आपल्या किनाऱ्याची उंडी, भेंड, करंज लावावीत. मते मागावयास येणाऱ्यांना सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा हिशेब विचारावा. आणि ‘परका’ हा शब्द जपून वापरावा. इंद्रलोकात राहणाऱ्या आपणांपैकी बहुतेक जण कोठून ना कोठून आलेलेच आहोत. या भूमीवर कोण आधी आले, यापेक्षा कोण तिला जगू देतो, हा प्रश्न मोठा आहे.