चौदाशे रुपयांचा पेला
(द्वितीय वर्ष, कला)

ज्या वस्तू आपल्याला परवडत नाहीत त्यांच्या किमतीची चर्चा आपण करू नये, असे आमच्या वर्गातील एका मित्राचे मत आहे. मला नेमके उलटे वाटते. न परवडणाऱ्यालाच किंमत नीट दिसते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला मावसभावाकडे गेलो होतो. लोअर परळ भागातील एका उंच इमारतीच्या गच्चीवरील बारमध्ये तो वेटर आहे. गिऱ्हाइके येण्यापूर्वी, दुपारी चारच्या सुमारास त्याने मला वर नेले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला चाळींची कौले आणि एका बंद गिरणीची चिमणी. दृश्य सुंदर होते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. मग दरपत्रक उघडले. दारूत फळांचे रस मिसळून केलेल्या एका पेल्याला बाराशे रुपये. कर आणि सेवाशुल्क धरून चौदाशेच्या घरात!

आपल्या राज्यात बिअरसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे वयाची अट आहे. मी एकोणीस वर्षांचा, तेव्हा पिण्याचा प्रश्नच नव्हता. पण 'दारू वाईट' असे प्रवचनही मी करणार नाही. माझी आई संगमनेरात विड्या वळते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझी फी तंबाखूतून आलेली आहे. मग व्यसनमुक्तीचे भाषण कोणत्या तोंडाने करू? मला हिशेब तेवढा कळतो. हजार विड्या वळायला आईचा सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा दिवस जातो आणि हाती सव्वादोनशे रुपये पडतात. म्हणजे तो एक पेला सहा हजारांहून अधिक विड्यांचा झाला.

मावसभावाचे म्हणणे वेगळे. "अरे, किंमत दारूची नसतेच. जागेचं भाडं, परवाना, आमचे पगार, सगळं त्यात आलं. श्रीमंतांनी खर्चच केला नाही, तर माझी चूल कशी पेटायची?" त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु तिथल्या जागेलाही इतिहास आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे कित्येक गिरण्या बंदच राहिल्या आणि त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या, मॉल, हॉटेले उभी राहिली. अशाच एका जुन्या आवारात, कमला मिल्समध्ये, २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबमध्ये लागलेल्या आगीत १४ जण दगावले. तेव्हा पेल्याच्या किमतीत भाडे आणि पगार येत असतील, तर माणसाच्या सुरक्षिततेचा खर्चही आला पाहिजे.

कोणी म्हणेल, उंचीच हवी तर शेजारच्या अकोले तालुक्यात कळसूबाई आहे. १६४६ मीटर, तेही फुकट! हे समाधान मला पटत नाही. कळसूबाई चढावी लागते. गच्चीवर लिफ्टने जाऊन नुसते बसायचे असते. तिथे विकली जाते ती बसण्याची चैन, आणि ती मलाही हवीशी वाटली. मी कोचावर टेकणार, तोच भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "बसू नको, मॅनेजर बघतील."

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. वाटले, किंमत ऐकून ती कपाळाला हात लावील. विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता तिने एवढेच विचारले, "पाठ टेकायला चांगलं होतं का रे तिथं?" उजेडासाठी ती दिवसभर दारात, मांडीवर सूप घेऊन बसते. तिथे पाठीला भिंत नाही.

म्हणून माझे मत असे. स्वतःच्या कमाईतून वर्षातली एखादी संध्याकाळ तिथे घालवणाऱ्याला मी दोष देणार नाही. विसावा हे काही पाप नव्हे. पण मित्रहो, आपल्यापैकी जे घरातला पहिला पगार आणणार आहेत, त्यांनी तिथला फोटो म्हणजे आपण 'वर' आल्याचा दाखला समजू नये. तो पेला चौदाशेच्या लायकीचा आहे की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरच्या दिवसांच्या हिशेबावर ठरते. माझ्या घरच्या हिशेबाने तो नाही. माझ्या पहिल्या पगारात पाठ टेकता येईल अशी एक खुर्ची यायची आहे. ती आणून काही उरले, तर पुढचे पुढे पाहू.