गिऱ्हाईक तुमचं, पण रस्ता कोणाचा?

१८ जानेवारी २०११ला सॅन फ्रान्सिस्कोचं केयूएसएफ रेडिओ स्टेशन ९०.३ एफएमवरून अचानक गायब झालं. श्रोते भडकले, जोरदार निषेध केला. पण लायसन्स होतं विद्यापीठाच्या नावावर, आणि त्यांनी ३७.५ लाख डॉलरला सौदा केला होता. स्टेशन चालवणाऱ्या स्वयंसेवकांचं कोण ऐकणार? शेवटी त्यांनी इंटरनेटवरून कार्यक्रम सुरू ठेवले.

आता आपलं बघा. तुमचं सगळं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवरच असेल, तर अकाउंट बंद म्हणजे धंदा बंद! माझं स्पष्ट मत आहे, फॉलोअर मोजत बसू नका. आजच वही काढा, गिऱ्हाइकाला विचारून नाव-नंबर लिहून घ्या. गिऱ्हाईक तुमच्यासाठी भांडेलही. पण तुम्ही कुठे गेलात, हे त्याला कळायला तर हवं ना?