गुर्वक्षर आणि चेतापेशी

मराठी समीक्षेने काळाची एक सोयीस्कर फाळणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. एक घड्याळाचा काळ: बाहेरचा, मोजता येणारा, म्हणून निर्जीव. दुसरा मनाचा काळ: लांबणारा, आखडणारा, म्हणून जिवंत आणि मोजमापापलीकडचा. बर्गसाँचे नाव घेतले की या फाळणीवर तत्त्वज्ञानाची मोहर उमटते आणि संज्ञाप्रवाही कादंबरीवरचा निबंध परीक्षेत निर्विघ्न पार पडतो. मला ही फाळणीच अमान्य आहे. मोजणे आणि जाणवणे ही दोन वेगळी खाती नव्हेत. ती वेगळी मानल्याचा खरा तोटा कादंबरीला नव्हे, छंदाला झाला आहे.

भास्कराचार्यांचे (जन्म १११४) गाव विज्जलविड. ते म्हणजे आजचे बीड, असे काही अभ्यासकांचे मत. चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवणारेही आहेत. (बीडकरांनी पहिला पक्ष घ्यावा हे स्वाभाविकच.) तो वाद कसाही मिटो, ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील कालमान साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. दहा गुरू अक्षरे उच्चारण्यास लागणारा वेळ म्हणजे एक प्राण; सहा प्राणांचे पळ, साठ पळांची घटिका, साठ घटिकांचे अहोरात्र. हिशेब केला तर प्राण चार सेकंदांचा आणि गुरू अक्षर ०.४ सेकंदाचे. ग्रहगणिताच्या शिडीची एक पायरी अशी माणसाच्या जिभेवर टेकलेली आहे.

याउलट लीलावतीची दंतकथा पाहा. फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादातून ती पसरली. घटिकापात्रात मोती पडतो, छिद्र बुजते, पाणी चढत नाही, मुहूर्त टळतो. मांडवातल्या एकालाही ‘एवढा वेळ लागायला नको होता’ असे वेळीच का वाटले नाही? वेळ सगळा पात्रात, माणसांत काहीच नाही, हे या कथेचे गृहीत आहे. आपल्या फाळणीचेही तेच.

माणसाचे राहो, उंदराच्या डोक्यात काय चालते ते मू-मिंग पू, यांग दान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले. ठराविक अवधीचा अंदाज घ्यायला शिकवलेल्या उंदरांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातील, चेतापेशींची त्यांनी नोंद घेतली. तिथे टिकटिक मोजणारे घड्याळ आढळले नाही. अनेक पेशींच्या स्पंदनांना आपापला चढउतार होता. अवधी बदलला की त्याचा आकार तोच राही, मात्र सबंध आकार अवधीच्या प्रमाणात ताणला वा आखडला जाई. या ताणातील कमीअधिकपणा उंदराच्या अंदाजातील चुकांशीही जुळत होता. तो भाग थंड केला तेव्हा उंदराचा प्रतिसाद लांबला. मेहरदाद जझायेरी यांच्या गटाला २०१८ मध्ये माकडांच्या मेंदूतही असाच ताण दिसला. म्हणजे ज्या लवचीकपणामुळे आपण मनाचा काळ मोजमापापलीकडचा मानला, तो लवचीकपणा हीच तिथे मोजण्याची रीत आहे.

हे सारे काही सेकंदांपुरते, हे विसरू नये. उंदराच्या सेकंदांवरून ‘बनगरवाडी’तला दुष्काळ उलगडून दाखवणारा न्यूरो-समीक्षक उद्या अवतरेल, त्याला दुरूनच नमस्कार. पण काही सेकंदांचा पल्ला हा नेमका चरणाचा पल्ला आहे.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या आज ऐकायला मिळतात. अशी ओवी कागदावर दोन ओळींची असते. गळ्यातून येताना तिच्यातले शब्द पुन्हा येतात, पालुपद जोडले जाते, स्वर जात्याच्या फेरीबरोबर लांबतो. तरी जात्याच्या दोन बाजूंना बसलेल्या बायका एकाच ठिकाणी उसंत घेतात. मात्रा कमीअधिक झाल्या, पण चरणाचा आकार मोडला नाही. तो ताणला गेला. ‘छंदोरचना’कार माधवराव पटवर्धनांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की लघुगुरूंच्या खुणा करून आपण वर्गात या ओवीला ‘शिथिल’ ठरवतो, आणि मग ‘लय’ हा शब्द धूसर स्तुतीसाठी मोकळा सोडतो.

छंदाच्या तासाला प्रथम हे ध्वनिमुद्रण लावावे. चरण संपतो असे वाटेल तिथे विद्यार्थ्यांनी टाळी द्यावी. टाळ्या कुठे एकत्र पडतात आणि कुठे विखुरतात ते टिपून घ्यावे, आणि त्यानंतर खडू हाती घ्यावा.