वखारवाल्याला होकार देण्याआधी

अवसरी बुद्रुकच्या ग्रामस्थहो,

आपल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कड्यावर आहुपे गाव आहे. घोड नदी त्याच डोंगरांत उगम पावते. तिथं महादेव कोळी बांधवांनी देवाच्या नावानं देवराई राखली आहे. राईत शिरलं की पायाखाली मऊ लागतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा पाचोळा कुजून झालेली ती माती. आषाढाचा पाऊस तिच्यावर आदळत नाही. पानाफांद्यांवरून उतरतो आणि मुरतो.

अशी जुनी झाडं पाखरांनाही लागतात. धनेश पक्ष्याला ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडाची फांदी मोडावी, खोड आतून कुजत जावं, तेव्हा कुठं त्याला घर मिळतं. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते, आणि नर तिला फळं भरवतो. त्याच फळांच्या बिया पुढं रानभर पडतात. भीमाशंकरच्या जंगलात तर पावसाळी रात्री कुजक्या लाकडावरची बुरशी उजळते. पडलेलं झाडही तिथं कामाचं असतं.

जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातले हिरडे उन्मळले. बाळहिरडा विकून घर चालवणाऱ्यांच्या हाती नुसती रोपं देऊन ती कमाई परत येत नाही. म्हणून ‘एक तोडलं तर दहा लावू’ हा हिशेब मला मान्य नाही. दहा जरूर लावू, पण जुनं राखून.

आपल्याकडं देवराई नसली तरी बांधावरचा आंबा, चिंच, ओढ्याकाठचा उंबर आहे. त्यांच्या ढोलीत पिंगळा राहतो आणि आपल्या पिकातले उंदीर, किडे टिपतो. बांध पेटवताना बुंध्याला झळ लागू देऊ नका. पाराला सिमेंट करताना मुळांभोवती माती उघडी ठेवा. वटपौर्णिमेला फांदी न तोडता वडापाशीच जाऊन पूजा करा, ही माता-भगिनींना हात जोडून विनंती. झाड विकत मागायला वखारवाला दारात आला, तर होकाराआधी घरातल्या थोरांशी बोला. अनेक जातींच्या झाडांना तोडीची परवानगीही लागते.

जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि नोंदवही असते. दोघांच्या कवेत न मावणारं झाड आपल्या रानात असेल, तर त्याची जात, जागा, बुंध्याचा घेर आणि वडीलधाऱ्यांना त्याच्याविषयी आठवेल ते कागदावर लिहा. तो कागद घेऊन १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला या. या झाडांची नोंद व्हावी, असा ठराव तिथं मांडू.

आपला,
एक ग्रामस्थ