एसटी फुकट, रेल्वेला पूर्ण भाडं: ढोकीच्या आजी-आजोबांचं गणित काय?

ढोकीहून एसटीने लातूरला जायला ७५ वर्षांपुढच्या आजोबांना तिकीट लागत नाही. ऑगस्ट २०२२ पासून ही सवलत आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. गावच्या रेल्वे स्टेशनवर मात्र पूर्ण भाडं. ६० वर्षांवरील पुरुषांची ४० आणि ५८ वरील महिलांची ५० टक्के सवलत मार्च २०२० मध्ये कोरोनाकाळात थांबली, ती आजही बंदच.

लेकीचं गाव, लग्न, मयत, तेरला गोरोबा काकांचं दर्शन. (संतांमध्ये वयाने वडील, म्हणून ‘काका’.) तिकिटासाठी मुलाकडे पैसे मागावे लागले की आधी हेच जाणं सुटतं. १ ऑक्टोबरला शाल-श्रीफळ मिळतं, भाडं नाही.

एसटीत वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड चालतं. त्यावर जन्मतारीख चुकली असेल, तर आधी ती दुरुस्त करून घ्या.