‘फार विचार करू नका’ म्हणून भागत नाही

‘फार विचार करू नका’ हा आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला. शेजारी देतात, पाहुणे देतात आणि घाईत असलेले डॉक्टरही देतात. घाबरलेल्या माणसाला या सल्ल्याचा काडीचाही उपयोग होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये सहकाऱ्यांसह एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर घंटी वाजवायची, असे विद्यार्थ्यांना सांगितले होते. घंटी वाजतच राहिली! विचार दाबू गेले की तो उसळून वर येतो.

छातीत धडधड, हाताला मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे, अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे अनेकजण येतात. कार्डिओग्राम चांगला निघतो. तरी आठवड्याने तेच गृहस्थ पुन्हा हजर. काहीजण घरी यंत्र आणून दिवसातून दहादा रक्तदाब मोजतात. आकडा जरा वाढला की घाबरतात आणि घाबरल्यामुळे तो आणखी वाढतो.

यात ढोंग मुळीच नसते. मनात भीती आली की शरीर ती खरीच धरून चालते. अ‍ॅड्रिनलिन स्रवते, नाडी जलद होते, श्वास भराभर चालतो. अशा श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो व मुंग्या येतात. मनाला मग पुरावाच मिळतो : ‘बघ, नक्की काहीतरी बिघडले आहे!’ हे वारंवार घडले की पायवाट मळावी तशी विचाराची वाट मळते. पुढे कारण नसतानाही मन त्याच वाटेने जाते.

मग करायचे काय? समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ मनालाच उद्देशून रचले. मनाशी बोलता येते, म्हणजे मनातला प्रत्येक विचार म्हणजे आपण नव्हे. ‘मला काहीतरी होणार’ असे म्हणण्याऐवजी ‘मला काहीतरी होणार, असा विचार पुन्हा आला आहे’ असे म्हणून पाहा. शब्द थोडेच बदलतात, पण विचार आणि आपण यांत अंतर पडते. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला हाकलूही नका. बादलीतले पाणी गढूळ असले तर हात घालून ते निवळत नाही. हात बाहेर काढला की गाळ खाली बसतो. शांतता कोठून आणावी लागत नाही, ढवळणे तेवढे थांबवावे लागते.

याच्या जोडीला श्वास. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा आकडे मोजत सावकाश सोडा. जोर लावू नका. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे, बरे वाटत असतानाही, हा सराव ठेवावा. घराला आग लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. छातीत प्रथमच दुखू लागले, घाम सुटला, दम लागला, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी बसू नका, तातडीने रुग्णालय गाठा. थायरॉइडच्या विकारात व रक्तक्षयातही धडधडते, म्हणून एकदा तपासणी जरूर करावी. झोप उडाली असेल, कामधंदा सुचत नसेल आणि हे काही आठवडे चालले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात लाज कसली? केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

घरच्यांनाही माझी विनंती आहे. ‘विचार करू नकोस’ म्हणण्याऐवजी शेजारी बसून ‘कसला विचार येतो आहे, सांग’ एवढे विचारा. भीती बोलून दाखवली की तिचा निम्मा जोर ओसरतो.